ओहोटीच्या ओळीतलं बक्कल

११ नोव्हेंबर २००६
पोहोचलो एकदाचा पालीच्या कोळीवाड्यात! नाशिक, दमण, महिनाभर मीरा रोड, आता इथे. गिरिजामावशीने खोली दिली. अंगणात बोंबील वाळतायत, वासाचं विचारू नका, पण खिडकीत अख्खा दर्या. चोरबाजारातलं मेटल डिटेक्टरचं मशीन सोबत आहे. इथे एके काळी पोर्तुगीज होते. एक नाणं मिळालं तरी आयुष्य मार्गी. मावशी एकटीच. नवरा दत्ताराम तीन वर्षांपूर्वी होडीवरून पडला, सापडलाच नाही.

१३ नोव्हेंबर
खांदे भरून आले. जाळ्याची शिसं, बाटल्यांची बुचं, आणि ओहोटीच्या कडेला, एका सरळ ओळीत पुरलेली टिचबटणं, हिरवं पडलेलं बक्कल, पितळेच्या बारीक गोल कड्या. इतकं ओळीत कोण हरवतं? पण भूक लागली होती, विचार तिथेच राहिला. सगळं चिंचेने घासून खिडकीत पेपरवर मांडलं.

१४ नोव्हेंबर
केबिन रोडला गुणवंतशेठच्या भंगाराच्या दुकानात. वाटेत सीडीवाल्याकडे तासभर गेलाच. पोर्तुगीज म्हटल्यावर शेठ पोट धरून हसला. म्हणे, अरे राजा, हा तर पॅन्टच्या पट्ट्याचा बक्कल, माझ्याकडे किलोने येते. बटणं शर्टाची, कड्या बुटाच्या नाडीच्या. म्हणे, पूरा ड्रेस मिळाला तुला, आता आतला माणूस शोध.

१६ नोव्हेंबर
आज त्याच ओळीत किल्ली. मावशीला दाखवली तर तिने लगेच ओळखली. सगळं दत्तारामचं. जिवंतपणी मारायचा, बुडाल्यावरही महिनाभर रोज दार ठोठावायचा. मग तिने त्याचे कपडे-बूट आणि या घराची किल्ली भरतीच्या वाटेत पुरली. ज्याला दर्याने परत दिलं नाही, तो आपलं सामान शोधत तिथेच रेंगाळतो म्हणे. कापड कुजलं, धातू उरला. ओरडली नाही. तीन वरसं सुखानं निजले रे पोरा, म्हणाली. होतं तिथं ठेव, आजच.
उद्या ठेवतो म्हटलं. पाय उचलतच नव्हते.

१७ नोव्हेंबर
झोपून उठलो तर अकरा. पेपर ओला. टिचबटणं नाहीत. मावशी म्हणते, मी हात लावला न्हाय.
उरलेलं घेऊन निघालो — भरती लागलेली, ओळ पाण्याखाली. परत आलो. फार दमलोय.

१८, सकाळ
बक्कल गेलं.

दुपार
बुटाच्या कड्याही. आधी शर्ट, मग पॅन्ट, मग बूट. कपडे चढवतोय —
मशीनचे सेल काढलेत. तरी दाराकडे धरलं की वाजतं.

तीन वाजता
मावशी कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन. सारखं एकच — कडी कधीच मोडलीय, नुसतं लॅच हाय, पण किल्लीबिगर तो आत येत न्हाय. किल्ली माझ्या मुठीत आहे. सकाळपासून सोडलेली नाही. मुठीत आहे, घट्ट —

मूठ उघडली. ओली वाळू.
मावशीला कसं सांग— लॅच फिर—