रेघेच्या खालचं घर

लॅपलँड, एप्रिल १९६२

प्रिय एल्यास,

तुझं पत्र पोचलं. स्वीडनमधल्या त्या कारखान्याला कंटाळलास, उन्हाळ्यात कायमचा परत येतोस, हे बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी जेवण अर्धवट टाकलं आणि कुऱ्हाड घेऊन बाहेर पडले. तेव्हापासून तुझ्या घरासाठी ओढ्याकाठचे पाइन पाडताहेत.

इथे होणाऱ्या धरणाच्या मोजणीला आलेला पेन्टिनेन गेल्या हिवाळ्यात आपल्याकडेच उतरला होता. माणूस सभ्य, पण दलदलीतलं ओ का ठो कळत नाही. बर्फ घट्ट होता तोवर बाबा मोजणीची उंच काठी घेऊन स्कीवर त्याच्यापुढे. "साहेब, तिथे पाय नका ठेवू, खाली झरा आहे. तुमची टोपीसुद्धा सापडायची नाही," असं दटावायचे. त्याच्या कागदावर आपला सगळा मुलूख कोराच होता. बाबांनी त्याला एकेक ओहोळ, एकेक डबकं, गवताची एकेक पाणथळ नावानिशी सांगितली. आई जिथे पिवळी रानफळं वेचायची, त्या उंचवट्याला तर तिचंच नाव दिलं. एवढा उत्साह कशासाठी, म्हणून मी विचारलं. म्हणाले, "अगं, कोऱ्या जागेवर कुणीही पाणी सोडेल. नाव वाचलं की हात अडखळतो." मला त्यांची इतकी कीव आली, की मी भांडी घासायला उठले.

शेवटी काठी आपल्या उंबऱ्यावर आली. बाबांनीच धरली, अगदी सरळ. पेन्टिनेन दुर्बिणीतून बराच वेळ बघत राहिला. "पाण्याच्या वर की खाली?" बाबांनी विचारलं. त्याने मान खाली घालून कॉफी मागितली. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "पोरी, पाणी छपराच्याही वर जाईल. त्यांना सांगितलंय मी. मुलगा परत येईल, तो बघेल, म्हणाले."

नकाशा आला. सुंदर झालाय रे. सगळी नावं आहेत त्यावर, आणि सगळीच्या सगळी धरणाच्या निळ्या रेघेच्या आत. गावाने अर्ज केले, ते फेटाळले गेले. शेजारी सामान बांधून गेलेसुद्धा.

म्हणून लिहिते. बाबांना एक पत्र पाठव. तुला हे गाव नको, या चिखलाची किळस येते, तिकडेच संसार थाटणार, असं लिही. तुझं खरं मन मला ठाऊक आहे, आणि तरी मागते आहे. तू येणार या आशेवर ते इथून हलणार नाहीत. शिव्या देतील, तुझं नाव टाकतील, पण त्या रागाच्या भरात माझ्याबरोबर निघतील तरी. लवकर लिही. तुझ्या घराचे तळाचे ओंडके त्यांनी आज बसवले.

इथे उरलेली, तुझी बहीण,
इंकेरी