चांदीचं पाणी

बेलपाडा, पनवेल
१० फेब्रुवारी २०१३

चि. प्रितेश यास दादूकाकाचे पोटभर आशीर्वाद.

तब्येत कशी आहे? खोकला गेला का? इथं तुझ्या आईचे गुडघे जाग्यावर, जीभ त्याहून जाग्यावर. माझा दमा थंडीपुरता. तुझी बायको प्रांजल मात्र वाळलीय. मूल होत नाही म्हणून वहिनींनी तिला वापीहून इकडे आणलं, तेव्हापासून काढे, अंगारे, नवस, सगळं तिच्याच माथी. शिमगा झाला की तिला माहेरी धाडून तुझं दुसरं लग्न बघायचं, असं वहिनी काल कोळंबी सोलता सोलता बोलल्या.

फोन आला की वहिनी तो स्पीकरवर टाकतात, म्हणून हा कागद. विज्ञानाच्या मासिकात वाचलं. तुमच्या कारखान्यात करतात तशी, डोळ्यांना दिसणार नाही इतकी बारीक चांदीची पूड उंदरांच्या अंगात गेली, तर अंडकोशापर्यंत पोचते, बीज घटतं, लंगडं होतं. माणसाचं अजून पक्कं नाही. मी सातवी नापास, पण तीनदा वाचलं. लग्नाच्या चार वर्षांत तपासणी तिचीच झाली. तुझी कधी? खरं काय ते कळव.

तुझा,
दादूकाका

वापी
१९ फेब्रुवारी

ती. दादूकाकांना साष्टांग नमस्कार.

खोकला बरा आहे, बाकी बरं नाही. तुमचं पत्र वाचून तपासून आलो. बीज फार कमी निघालं. पूड नाकातोंडात जाते का, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा सांगावंच लागलं. आमच्या खात्यातला काशिराम म्हणाला होता की पेढ्यावरचा वर्ख खातोस, वैद्य चांदीचं भस्म देतात, मग हे तर आयतं औषध. दोन वर्षं रोज सकाळी कारखान्यातलं ती पूड मिसळलेलं पिवळसर चांदीचं पाणी चमचाभर पितोय. मूल व्हावं म्हणूनच प्यायलो, काका. डॉक्टर दचकले. यानंच झालं असं छातीठोक सांगता येत नाही म्हणाले, पण पिणं बंद करा, खातं बदला, तीन महिन्यांनी परत बघू.

आईला कळू देऊ नका. गावात मान वर करता येणार नाही. तोवर चाललंय तसं चालू दे. लोभ असू द्यावा.

तुमचा,
प्रितेश

बेलपाडा
२७ फेब्रुवारी

चि. प्रितेश यास आशीर्वाद.

तुझं ऐकलं नाही. तीन महिने म्हणजे शिमग्याच्या पार पलीकडे, तोवर पोर घराबाहेर गेली असती. काल दोघींना समोर बसवून सांगितलं. वहिनी उसळल्या, चांदी कधी कुणाला बाधलीय का, भावोजी कायपण वाचतात नि घाबरवतात. मग पदर तोंडात धरून बसल्या. प्रांजल रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, की हे त्यांच्या जिवावर तर नाय ना बेतणार? ते डॉक्टरांनाच विचार, म्हटलं. ती उठून पिशवी भरायला लागली. शुक्रवारी तुझ्याकडे येतेय, पुढच्या तपासणीला शेजारी बसणार म्हणते. वहिनींनी अडवलं नाही, सुक्या बोंबलांची पुडी तेवढी बांधून दिली.

मला भीती वाटते रे. खाडीत वारा फिरला तर आभाळ बघून कळायचं, ही पूड तर दिसतही नाही. तीन महिन्यांनी काय निघेल, डॉक्टरही सांगत नाहीत. तिच्यासमोर उगाच मर्दपणाचा आव आणू नकोस. मलाही, घाबरलोय एवढंच लिहिलंस तरी पुरे, पण लवकर लिही.

तुझा,
दादूकाका