डाव्या हाताचं अक्षर

९ नोव्हेंबर
ही ओळ नव्या पेनाने. लेकीने, शुभाने काल गोंदियाहून आणलं. दिसायला बॉलपेनसारखंच, पण आत पातळ शाई. रोलर पेन म्हणे. नुसतं टेकवलं की चालतं, दाबावं लागत नाही. ह्यांच्यासाठी आणलंय, आधी मी चालवून पाहते. गोळ्यांची यादी ह्यानेच केली. काळंभोर उठतं. वहीचा कागद हलका, शाई फुटते, मागच्या पानावर डाग.

लकव्याला पाच महिने झाले. उजवा हात मांडीवर ठेवला की तिथेच. जीभ वळत नाही. ऐकतात, समजतं सगळं, पण निघतो तो नुसता घोगरा आवाज. मग चिडतात. तीस वर्षं वर्गात बोललेला माणूस.

११ नोव्हें.
आज पेन ह्यांच्या डाव्या हातात दिलं, समोर त्यांच्यासाठी वेगळी वही. बॉलपेन त्यांना बेताने दाबता येत नव्हतं, रेघ उमटायची नाही. दाबलं तर कागद फाटायचा. ह्याने टेकवताच रेघ. मग लिहिलं, 'पाणी'. पेला नेला. प्यायले नाहीत. पुन्हा 'पाणी'. खाली आणखी एकदा. तहान नव्हतीच, शब्द लिहून पाहत होते.

मी मोरीत जाऊन रडून आले.

१२ नोव्हें.
एक वांधा. डावा हात लिहिलेल्यावरूनच पुढे सरकतो, शाई ओली, सगळं फासतं. मनगट काळं, उशीचा अभ्रा काळा. ह्यांनी वही भिरकावली. शुभाला फोन केला. म्हणाली, "आई, वही आडवी ठेव न. वरून खाली लिहू दे." ठेवली. जमलं. मान वाकडी करून वाचावं लागतं, एवढंच.

१५ नोव्हें.
आता दिवसभर चिठ्ठ्या. 'वरणात मीठ नाही.' 'पंखा बंद.' 'बांधावरचं धान कापलं का?' 'माझ्याशी मोठ्याने बोलू नको, बहिरा नाही.'
खरंच, पाच महिने मी ओरडूनच बोलत होते.

१७ नोव्हें.
सकाळी वहीत एकच शब्द. कुंदा.

कुंदा ह्यांची धाकटी बहीण. जातीबाहेरच्या मास्तराशी लग्न केलं, देवरीला गेली. बत्तीस वर्षं झाली. सासऱ्यांनी, आम्ही मामाजी म्हणायचो, तिला दारातून परत पाठवलं. हे तेव्हा दारातच उभे होते. त्या दिवसापासून ह्या घरात तिचं नाव नाही. मामाजी गेले तेव्हाही तिला कळवलं नाही.

मी विचारलं, "तिचं काय?"
लिहिलं, 'पत्र.'

२० नोव्हें.
रोज एक-दोन ओळी. एक पान बिघडलं की पहिल्यापासून. मी म्हटलं, तुम्ही सांगा, मी लिहून देते. डोळे असे वटारले की पेन परत त्यांच्याच हातात दिलं.
शुभाने कुणाकुणाला विचारून पत्ता काढला. ती खूश. "बाबांनी हे आधीच करायला पाहिजे होतं."

२२ नोव्हें.
पत्र झालं. पाच दिवसांत एवढंच. इथे उतरवून ठेवते.

'कुंदा, मला लकवा झाला. बोलता येत नाही. डाव्या हाताने लिहितो आहे. त्या दिवशी बाबांसमोर मी बोललो नाही. तेव्हा मला बोलता येत होतं. दादा.'

पाकिटामागे माझा फोन नंबर लिहिला, स्वतः जाऊन पेटीत टाकलं. पाकीट बराच वेळ हातात धरून उभी होते. मागून कोणी तरी म्हणालं, "टाका न काकू, काऊन थांबल्या?"

२९ नोव्हें.
दुपारी फोन. अनोळखी नंबर.
"वहिनी, मी कुंदा."
फोन घेऊन ओसरीवर गेले.
म्हणाली, "दादाचं अक्षर मले माहीत आहे. पाटीवर त्यानंच शिकवलं मले. हे त्याचं नाही. कोणं लिहिलं हे? तुम्ही?"
सांगितलं, उजवा हात गेला, डाव्याने लिहिलं, वेगळं पेन आहे. ऐकून घेतलं. मग म्हणाली, "चार वर्षं राखी पाठवली. चारही पाकिटं परत आली. तवा त्याचे दोन्ही हात चांगले होते ना?"
फोन ठेवला तिने.

ह्यांनी लिहिलं, 'कोण?'
म्हटलं, "कुंदाताई. येते म्हणाली." येते असं ती म्हणाली नव्हती.

३० नोव्हें.
लिहून टाकावं. इथे तरी.
ह्यांना राखीचं माहीतच नाही. तेव्हा ते सालेकसाकडे शाळेवर, शनिवारी घरी यायचे. पाकीट यायचं मधल्या दिवशी. पहिल्या वर्षी मामाजी ओसरीवर बसलेले. म्हणाले, "लिही त्याच्यावर, घेणार नाही." मी लिहिलं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. पोस्टमनने नेलं.
हे राखीला यायचे, मनगटाकडे पाहायचे, हळूच मला म्हणायचे, "कुंदी विसरली."
मी ताटात वाढत असायचे.

३ डिसेंबर
कुंदाताई आल्या. न कळवता, एकट्या. देवरीहून पहाटेची बस, गोंदियाहून दुसरी. केस सगळे पांढरे, चष्मा. दारात चप्पल काढून तिथेच थांबल्या. मी "या" म्हटल्यावर आत.

ह्यांनी पाहिलं आणि तो आवाज काढला. खूप मोठा. शेजारची बाई खिडकीत आली.

त्या खाटेवर बसल्या नाहीत, समोर खुर्ची ओढली. म्हणाल्या, "लिही. माह्यासमोर लिही."
वही आडवी, पेन डाव्या हातात. दोघींनी पाहिलं. वरून खाली, हळूहळू: 'कुंदे, म्हातारी झालीस.'
तेव्हा त्या हसल्या. हसता हसता तोंडाला पदर लावला. कुंदे असं तेच म्हणायचे फक्त.

मग पिशवीतून एक जुनं पाकीट काढलं. पिवळं पडलेलं, न फोडलेलं. "चारातलं हे एक ठेवलं होतं. आता सांग, काऊन परत पाठवलं?"

पाकिटावर माझं अक्षर. घेणार नाही.
ह्यांनी हातात घेतलं. दोन शब्द वाचायला किती वेळ लागतो. बराच वेळ पाहत राहिले. मग माझ्याकडे.

कुंदाताईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "वहिनी, तुम्ही लिहिलं हे?"
"हो."
"बाबानं सांगितलं म्हणून?"
"पहिल्या वर्षी."
"अन् मंग?"

दुसऱ्या वर्षी मामाजी ओसरीवर नव्हते. शेतावर होते. तिसऱ्या वर्षी तर पंढरीच्या... नाही, तेही बाहेरच होते, कुठे ते आठवत नाही. कोणी सांगितलं नव्हतं. पाकीट घेतलं असतं तर पहिलं कुठे गेलं, हे ह्यांना सांगावं लागलं असतं. एवढंच कारण. एवढंच, आणि ते मला तोंडातून काढता आलं नाही. म्हटलं, "चहा टाकते."

चहा घेतला त्यांनी. दुपारच्या बसने गेल्या. जाताना ह्यांचा उजवा हात, मेलेला, दोन्ही हातांत धरून बसल्या होत्या. माझ्याशी बोलल्या नाहीत. पुन्हा येते असंही नाही, येणार नाही असंही नाही. पाकीट खाटेवरच राहिलं.

४ डिसें.
सकाळपासून चिठ्ठी नाही. पाणी खुणेने मागितलं. जेवले. शुभाचा फोन आला, "शेजारच्या काकू म्हणाल्या, आत्या आली होती न? कसं झालं?" म्हटलं, आली होती. बाकी नाही सांगितलं.

५ डिसें.
संध्याकाळी वही मागितली. मी आडवी धरली. लिहिलं, 'चारही?'
वाकून वाचलं. ह्या वेळी तोंडाने सांगितलं, "चारही. पहिलं मामाजींनी. तीन माझी मी."
त्यांनी पेन खाली ठेवलं नाही. टोक कागदावरच टेकलेलं, शाई तिथल्या तिथे फुटून राहिली, ठिपका मोठा मोठा होत गेला.
मी त्यांची वही धरून बसले आहे. एका हाताने माझ्या वहीत हे लिहिते. त्यांनी अजून काही लिहिलेलं नाही.