बॅटवरची हिरवी टिकली

३ फेब्रुवारी, मंगळवार

बॅट ठेवून घेतली आणि आता माझेच हातपाय गार पडलेत!

सॉफ्टबॉल संघटनेने सामन्याआधी बॅटी तपासायचं काम माझ्या गळ्यात मारलं, तेव्हा वाटलं होतं, त्यात काय मोठंसं? मशीनमध्ये बॅट दाबायची. काटा रेघेच्या वर गेला तर हिरवी टिकली चिकटवायची, खाली राहिला तर बॅट ठेवून घ्यायची. वापरून वापरून बॅट आतून सैल होते, मग चेंडू असा सुटतो की समोरून चेंडू टाकणाऱ्या पिचर पोरीला हात वर करायलाही सवड मिळत नाही. आज मिशीवाल्या कोचच्या संघाची लाडकी बॅट नापास झाली. रविवारी अंतिम सामना त्यांच्याशीच — आणि आमच्याकडून पिचर कोण? माझी लेक, चिमणी!

ते भांडले नाहीत. नुसते जवळ येऊन म्हणाले, "सगळ्यांच्या तपासा हं, ताई. सगळ्यांच्या." इतक्या हळू आवाजात का बोलावं माणसानं? धमकीच ती.

४ फेब्रुवारी, बुधवार

त्यांच्या पोरींचा सराव पाहिला. चेंडू कुंपणापार जात होते. मी तशीच पळत घरी आले.

५ फेब्रुवारी, गुरुवार

सचिवांकडे गेले. म्हटलं, पिचरला जाळीचा मुखवटा सक्तीचा करा. "ताई, नियम असा घाईत होत नाही. कार्यकारिणीपुढे ठेवू." कधी? "मोसम संपला की." मोसम संपला की! डोकंच फिरलं माझं. मग निदान एवढं तरी करा म्हटलं — रविवारी आमच्या संघाच्या बॅटी तुम्ही तपासा. नात्यातलं कुणी खेळत असलं की दुसऱ्याने तपासायचं, हा संघटनेचाच नियम. "येतो की," म्हणाले.

विकत आणलेला मुखवटा चिमणीने लावला आणि आरशात पाहिलं. "आई, मी काय वेल्डिंग करायला चाललेय?" हे तर हसता हसता ठसकले. बापलेक दोघं एकाच माळेचे मणी! माझी काळजी कुणाला दिसत नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार

दुपारी जरा आडवी झाले. डोळा लागतोय तोच चेंडू अंगावर! दचकून उठले. भाजीत मीठ दोनदा पडलं.

८ फेब्रुवारी, रविवार, सकाळ

मैदानावरच्या खोलीत बसून लिहितेय. मिशीवाल्यांची एकेक बॅट पुन्हा पुन्हा दाबली. सगळ्या पास. तरी समाधान होईना. सचिवांचा पत्ता नाही, फोन उचलत नाहीत, अंपायर घाई करतोय. शेवटी आमच्या पोरींच्याही मीच दाबल्या. चिमणीची तेवढी राहिली — हाक आली, तशीच टिकली लावून दिली. दोन मोसम पास होतेय ती. घरातलीच तर आहे!

८ फेब्रुवारी, रविवार, संध्याकाळ

चिमणी सुखरूप आहे. देवा!

लागलं ते त्यांच्या पिचरला. मिशीवाल्यांची सख्खी भाची. फटका आमच्या चिमणीचा. पोरगी गुडघ्यांवर बसली, तोंड झाकून, बोटांमधून रक्त. आणि माझ्या मनात पहिलं काय आलं? — सुटलो, आपली नाही! लिहायलाही लाज वाटते. पण आलं खरं.

दवाखान्यात गेले. गालाचं हाड मोडलंय, डोळ्याचं डॉक्टर अजून काही सांगत नाहीत. कोच बाकावर बसले होते. म्हणाले, "सगळ्यांच्या तपासल्या होत्या ना, ताई?" तोच हळू आवाज. कसली धमकी आणि कसलं काय! भाचीच्या काळजीने बोलत होता तो माणूस, पहिल्यापासून.

"हो," म्हटलं मी.

चिमणी न जेवता पडून आहे. पाठीवर हात ठेवला तर सरकून भिंतीकडे वळली.

९ फेब्रुवारी, सोमवार

संघटनेची खोली उघडून चिमणीची बॅट मशीनला लावली. काटा रेघेच्या जवळपासही गेला नाही. पुन्हा दाबली. तेच!

वळले तर दारात चिमणी, माझ्या मागोमाग आलेली. "आई, ही तू तपासली होतीस ना गं?"

काल कोचसमोर 'हो' कसं पटकन निघालं होतं. आज मान हलवली — नाही.