अठरा नंबरची सीट

८ सप्टेंबर, रविवार

आलाच मेला! मला वाटलं होतं, लाज वाटून तरी यंदा घरी बसेल. कुठलं काय! पायऱ्या उतरत आला — अंगात आमच्या रिव्हेटर्स फुटबॉल टीमची तीच मळकी निळी जर्सी, हातात बिअरचा ग्लास — आणि टेकला पपांच्या जागेवर. अठरा नंबर. माझ्या सतराला चिकटून! ॲल्युमिनियमचा सलग बाक, मध्ये हात टेकायला दांडीसुद्धा नाही. घटस्फोट होऊन उन्हाळा गेला, आणि ड्वेनची मांडी परत माझ्या मांडीला!

घर मला, ट्रक त्याला, कुत्रा आमच्या लेकीला, टेसला. इथवर ठीक. पण स्टेडियममधल्या सीझनभराच्या दोन सीटा न्यायाधीशबाईंनी एकेक करून वाटल्या. पपांनी जन्मभर जपलेल्या सीटा! इथे लोक नाव नोंदवतात आणि नंबर लागायच्या आत मरतात. ड्वेन कोर्टात डोळे पुसत म्हणाला, "सासऱ्यांचे गुडघे गेल्यावर दर मॅचला मी त्यांना पाठीवर घेऊन चढलोय." बाई विरघळल्या. अठरा त्याला! आणि त्याला तिथे पाठवलं कोणी? मी! माझी रविवारची बेकरीतली पाळी सुटत नव्हती, पपांना कोणीतरी न्यायला हवं, म्हणून मी माझी सीट त्याला दिली. उपकार माझे, आणि रडतोय हा.

आज सभ्यपणे वागायचं ठरवलं होतं. "कशी आहेस?" "बरी. तू?" "बरा." संपलं. बाकी वेळ दोघंही मैदानाकडे बघत बसलो. एकतीस–सहा हरलो. आमच्या क्वार्टरबॅकने तीन वेळा चेंडू फेकला तो सरळ समोरच्यांच्या हातात. आंधळा आहे का?

अठरा मला हवी. आज ना उद्या घेणारच.

२२ सप्टेंबर

मस्टर्ड सांडला! पपांच्या नंबरवर! सॉसेज खाताना याचं तोंड कायम अर्धवट उघडं, तिथून ओघळला आणि बरोबर रंगवलेल्या १८ वर पडला.

"पूस ते! पपांची जागा आहे."

"आता माझी आहे, बर्नी."

"कोर्टाने दिली म्हणून तुझी होते का रे?"

"त्यांना उचलून इथवर आणलं कोणी? तू?"

मग मी सुटलेच. बोलिंगच्या टीममधल्या त्या शेरिलपासून सुरुवात केली. एक वसंत ऋतू त्या बाईबरोबर घालवला यानं, आणि परत आला तो काय घेऊन? बोलिंगचा चषक! अख्खी रांग वळून बघत होती. बघू दे. मी बोलत असतानाच मॅच सुरू झाली, आणि पहिल्याच किकवर आमच्या पोराने चेंडू झेलला तो थेट या टोकापासून त्या टोकापर्यंत पळाला. टचडाउन! जिंकलो.

मागच्या रांगेत बिग टेड बसतो. खाटीक आहे, मान नाहीच त्याला, खांद्यावर थेट डोकं. तो माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "मागच्या वेळी तुम्ही गोड बोललात, हरलो. आज भांडलात, जिंकलो. मी काय ते समजलो."

२९ सप्टेंबर

मॅच बाहेरगावी. सकाळीच टेडचा फोन. "बर्नी, ड्वेनला फोन लाव. भांड."

"वेड लागलंय का तुला?"

"गेल्या सीझनला मी एकच मोजे न धुता घातले होते. बायकोने गॅरेजमध्ये झोपवलं मला. तुला साधा फोन जड होतो?"

लावला. छताच्या पन्हाळीवरून भांडलो. मी सांगून सांगून थकले होते, यानं ती कधी साफ केली नाही, भिंतीत पाणी मुरलं. आता ती भिंत माझ्या वाटणीला आलीय. मनापासून भांडले. जिंकलो!

६ ऑक्टोबर

भांडलो. जिंकलो.

२० ऑक्टोबर

आता रांगेचा रिवाजच झालाय. रोझलिन, ड्वेनच्या पलीकडची, ऐंशीच्या पुढची, डब्यात फॉइलखाली बटाटा भरलेली गरम पिरोगी घेऊन येते आणि फॉइल दाबून बसते. "आधी भांडण, मग खाणं." टेड मागून टाळ्या वाजवतो — "चला, चला, राष्ट्रगीत संपलं, करा सुरू!" आज पलीकडच्या रांगेतली माणसंही माना उंचावून बघत होती. आम्ही काय माकडं आहोत का?

आज काढलं त्याचं घोरणं. आणि त्याची आई — लग्नात माझ्या केकला 'कोरडा' म्हणाली होती. माझ्या केकला! बेकरीवालीच्या! त्याने काढलं माझं गाडी चालवणं. हिशेब बरोबरीत. मॅच सहज जिंकली.

खरं सांगायचं तर आठवडाभर मनात जमवाजमव चालते. पाव भट्टीत सारताना एखादं जुनं काहीतरी आठवतं आणि मी म्हणते, हे रविवारी देते त्याला! वैतागच आहे. पण सोमवार आला की डोक्यात परत तेच सुरू.

१० नोव्हेंबर

हरत आलेली मॅच शेवटच्या मिनिटाला फिरवली. आमचा आंधळा क्वार्टरबॅक आता देव झालाय. गावभर त्याचे फोटो.

टेस मात्र चिडली आहे. "आई, शोभतं का तुम्हाला? लग्नाच्या पंचवीस वर्षांत तुम्ही दोघं एवढं बोलला नव्हता!"

"तेव्हा टीम हरतच होती," मी म्हटलं. ती हसली नाही. बापावर गेलीय.

२८ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग

टेसने दोघांनाही जेवायला बोलावलं. मी नाही गेले. उगाच टर्कीवर भांडण खर्ची घालायचं आणि रविवारी काय करायचं?

८ डिसेंबर

काल स्टेडियमने बर्फ उपसायला माणसं बोलावली होती. तळ्यावरच्या वाऱ्याने रात्रभर आणलेला, कमरेएवढा. मी फावडं घेऊन गेले तर सतरा आधीच साफ! अठराही. ड्वेन खालच्या रांगेत उपसत होता. कोणी सांगितलं होतं याला? माझी जागा मी साफ करते. मी दोन फावडी बर्फ उचलून परत सतरावर टाकला आणि स्वतः काढला. बघत होता. बघू दे.

आज त्याच्यावरूनच सुरुवात केली. पण हा बेटा उत्तर द्यायचं सोडून म्हणाला, "बर्नी, तुझ्या मावशीचा केसांचा टोप आठवतो? लग्नात? पंख्यात अडकला तो?"

आणि मला हसू आलं. आवरेचना. तोही हसला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. दोघं मिळून मूर्खासारखे हसत होतो आणि तेवढ्यात किक झाली.

हरलो. शेवटच्या सेकंदाला आमच्या किकरचा चेंडू खांबावर आपटला आणि बाहेर. सोपी किक होती ती! टेसने आठवीत असताना मारली असती!

"हसलात तुम्ही!" टेड ओरडला. "मी डोळ्यांनी पाहिलं!" रोझलिनने पिरोगी न वाटता परत नेली. सगळ्यांची तोंडं एवढीएवढी. ड्वेन म्हणाला, "अरे, हा खेळ आहे." याला कधी कळलंच नाही, काय खेळ आणि काय नाही.

२२ डिसेंबर

परत हरलो. भांडलो होतो, पण कोमट. दोघांच्या शिव्यांना चव राहिली नाही. शेरिल झाली, पन्हाळ झाली, घोरणं झालं, केक झाला. आज तिसऱ्यांदा शेरिल काढली तर मागून कोणीतरी म्हणालं, "हे ऐकलंय."

ड्वेनने माझ्यासाठीही कॉफी आणली होती. मी प्यायले नाही. गार होऊ दिली.

५ जानेवारी

पोचलो! कसेबसे, पण बाद फेरीत. आणि पहिली मॅच इथेच, आपल्या मैदानावर, येत्या रविवारी! हरलो की सीझन संपला. रस्त्यावर अनोळखी माणसं मिठ्या मारत होती. मीही मारल्या. पपा असते तर पोर्चवर उभं राहून तुतारी फुंकली असती.

८ जानेवारी

टेड बेकरीत आला. काउंटरवर ते दोन ओंडक्यासारखे हात टेकून हळू आवाजात बोलला. "बर्नी, आता घोरणंबिरणं नको. खरं काहीतरी काढ. लागणारं."

"राहिलंय काय?"

"ते मला काय विचारतेस? तुझा नवरा होता."

राय ब्रेडचे दोन लोफ घेऊन गेला. मी दिवसभर विचार करत होते.

१२ जानेवारी

जिंकलो. चोवीस–एकवीस.

नीट लिहून ठेवते. ड्वेन आला तो हसतच. मोठं जाकीट, कानावर टोपी, दोन कॉफ्या. म्हणाला, "आज काय काढणार आहेस? मी घोरण्याची तयारी करून आलोय." टेड मागे वाकलेला. रोझलिनचा हात फॉइलवर. राष्ट्रगीत संपलं.

मी म्हटलं, "पपांना तुझी लाज वाटायची."

"बरं," तो म्हणाला. अजून हसत होता.

"हॉस्पिटलात मला म्हणाले होते. शेवटी. म्हणाले, त्या माणसाच्या पाठीवर पोत्यासारखं लटकून चारचौघांत जायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं होतं. म्हणाले, तू यायला हवी होतीस, याला कशाला पाठवलंस. तू त्यांना उचललं म्हणून ही सीट मिरवतोस ना? ते डोळे मिटून घ्यायचे, तुझं तोंड दिसू नये म्हणून."

"ओहोहो!" टेड ओरडला. रांगेने टाळ्या पिटल्या.

ड्वेन माझ्याकडे बघत राहिला. "असं म्हणाले?"

"हो."

"तुझे पपा? स्टॅन म्हणाले? माझ्याबद्दल?"

"हो म्हटलं ना!"

त्याने दोन्ही कॉफ्या पायाशी ठेवल्या. उठला. लोक किकसाठी उभे राहिलेले, त्यांच्यामधून वाट काढत पायऱ्या चढून गेला. मला वाटलं, बाथरूमला गेला. मध्यंतर झालं तरी आला नाही.

शेवटी आमच्या किकरने तीच तसली किक मारली आणि या वेळी बरोबर मधून! टेडने मला मागून उचललं, "बर्नी, काय बोललीस गं बाई! राणी आहेस तू!" सगळे नाचत होते. मीही. अठरावर मी माझी पर्स ठेवली होती.

रोझलिन तेवढी नाचली नाही. पिरोगीचा डबा माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, "मी त्यांच्या शेजारी बसायचे, बर्नी." आणि गेली. बसायची तर बसायची!

१४ जानेवारी

टेसचा फोन. "आई, बाबांना काय म्हणालीस?"

"भांडण होतं. मॅचसाठी. सगळ्यांना माहीत आहे."

"ते कामावर गेले नाहीत. मी गेले होते. स्वयंपाकघरात बसून होते, ओव्हरकोट घालून. मला एवढंच विचारलं, आजोबांना मी पाठीवर घ्यायचो तेव्हा ते खरंच डोळे मिटायचे का?"

मी तिला म्हटलं, रविवारी येईल आपोआप. मॅच सोडणार आहे का तो? जन्मात कधी सोडली नाही.

१९ जानेवारी

आला नाही.

मी लवकर जाऊन बसले होते. दर वेळी पायऱ्यांवर निळी जर्सी दिसली की मान वळायची. इथे सगळ्यांच्याच जर्स्या निळ्या. टेड म्हणाला, "फोन कर त्याला." केला. उचलला नाही. परत केला. राष्ट्रगीत संपलं आणि सगळी रांग माझ्याकडे बघत राहिली. मी कोणाशी भांडू?

सपाटून हरलो. सीझन संपला.

जाताना टेड म्हणाला, "तू घालवलंस त्याला." तूच म्हणालास ना, लागणारं काढ? तोंडावर म्हणाले तसं. तो निघून गेला. गेला खड्ड्यात! सगळेच गेले खड्ड्यात. किकरही.

२२ जानेवारी

तिकीट ऑफिसातून एका मुलीचा फोन. फार गोड आवाज. मिस्टर ड्वेन कोवाल यांनी अठरा नंबर सोडली, तुमच्या नावावर करायला सांगितली आहे. पुढच्या सीझनपासून दोन्ही सीटा शेजारी-शेजारी तुमच्याच. "अभिनंदन मॅडम! असं कोणी सोडत नाही हो." मी थँक्यू म्हटलं.

२६ जानेवारी

पपा तसं काही म्हणाले नव्हते. हॉस्पिटलात शेवटी माझा हात धरून एवढंच म्हणाले होते — "ड्वेनला विचार, रविवारी किती वाजता निघायचं."