डावीकडचा एक्सल

९ मार्च, सोमवार. किमी ८८,४१२.
टक-टक-टक! उजवीकडे वळताना. फक्त उजवीकडे. डावीकडे वळवली की गप्प. म्हणजे डावीकडचा एक्सल, बाहेरचा सांधा. निदान बसल्या जागी झालं, बॉनेट उघडायचीही गरज पडली नाही.

पण वेळ वाईट. मारुती ९६ सालची. रजिस्ट्रेशन ३१ मार्चला संपतंय, तपासणीची तारीख मिळालीय २७. आणि दिवाळीत मी पोराला, चेतनला, शब्द देऊन बसलोय — यावेळी तपासणीत नापास झाली तर गाडी भंगारात, मी एक अक्षर बोलणार नाही. दिवाळीचा फराळ खाताना माणसाने शब्द देऊ नये.

अठरा दिवस आहेत.

१० मार्च, मंगळवार.
संध्याकाळी जॅक लावला, गाडीपुढे सतरंजी टाकून आडवा झालो. दोन्ही एक्सल जागेवरच मोजले. टेप, व्हर्नियर, सगळं. दाते तीनदा मोजले, कारण दोनदा मोजणारा माणूस एकदाच मोजणाऱ्यासारखाच असतो. सांध्याचा कप तेवढा वेगळा मिळतो, पण दांड्याचे दातेही झिजलेत. अख्खा एक्सलच पाहिजे.

आकृती काढली. डावा, उजवा, लांबी, दाते — सगळं लाल-निळ्या पेनने. कागद फ्रिजवर लावला. जया म्हणाली, "छान काढलंय. भाजीची यादी कुठे लावू?"

आयटीआय केलं नाही मी. कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये तीस वर्षं असिस्टंट आहे. पण ही गाडी २००४ ला घेतली त्या महिन्यात इंजिन अंगणात उतरवलं आणि परत चढवलं. एक बोल्ट उरला नाही! आमचे अण्णा — नागोराव — बाजूला खुर्ची टाकून चार रविवार बसले होते. चालू झाली तेव्हा एवढंच म्हणाले, "झाली का?" आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले. जन्मात पहिल्यांदा पोराच्या गाडीत. ही गाडी भंगारात? छे!

११ मार्च, बुधवार.
अर्धी रजा. जुना बाजार. पितळी नळ, फुटके मिक्सर, एका पायाचं शिवणयंत्र. एक्सल एक मिळाला, तो रिक्षाचा निघाला. विकणारा म्हणतो, "बसेल साहेब, ठोकून बसवा." ठोकून! मी तिथून निघालो.

१३ मार्च, शुक्रवार. किमी ८८,४१९.
चेतनने मोबाइलवरून मागवलेला आला. दाते दोन कमी. नंतरच्या मॉडेलचा. परत पाठवला. चेतन म्हणे, "पप्पा, आता जगात कोणी दाते मोजत नाही." म्हणूनच जगाचं असं झालंय.

दुसरंच एक डोक्यात घोळतंय. सोमवारपासून गाडी जागची हलवलेली नाही. सात किलोमीटर कुठून आले?

नोंदवही काढून मागचं सगळं ताडून पाहिलं. हे सात सोडून दिवाळीपासून आणखी १६३ किमी जास्त! मी प्रत्येक फेरी लिहितो, विश्रांतवाडी चौकातल्या पेट्रोल पंपाचीसुद्धा. चेतनला विचारलं. "पप्पा, मी? ती गाडी? मित्रांनी बघितलं तर?" खोटं बोलत नसावा, कारण तोंडावर खरी भीती होती.

मीटरची केबल तपासायला हवी.

१४ मार्च.
केबल उत्तम.

१७ मार्च, मंगळवार.
मिळाला! मिळाला!!

नाना पेठेत गल्लीच्या आत एक दुकान. दार सहा फुटी, आत अंधार, भिंतीवर पाटी — 'विकलेला माल बदलून मिळणार नाही. कारण विचारू नये.' मालक श्रीधरकाका, सत्तरीच्या पुढचे. चष्मा कपाळावर, आणि तोच चष्मा शोधत होते. मॉडेल सांगितलं. माळ्यावरून दोन लांबट पुडकी काढली, ग्रीस लावून मेणकापडात बांधलेली. डावा आणि उजवा, एकेक. कोरे! दाते मोजले. बरोबर!

"डावा ना? मग हा आखूड," काका म्हणाले.
मी म्हटलं, "नाही. डावा लांब आहे. माझ्याकडे मोजमाप आहे."
"तुमच्याकडे मोजमाप आहे. माझ्याकडे पन्नास वर्षांचं दुकान आहे."
मी कागद पुढे केला. त्यांनी चष्मा खाली न घेताच बघितला. "कागद गाडीला बसवणार का?"

मी लांबच घेतला. अंदाजावर चालणाऱ्या माणसांशी वाद घालू नये. पावती देताना म्हणाले, "पाटी वाचलीत ना?"

घरी आल्यावर पुडकं उघडून जयाला दाखवलं. ती एक्सलकडे बघत राहिली, मग फ्रिजवरच्या कागदाकडे. "हा डावा?" मी म्हटलं, "हो." "बरं," म्हणाली आणि पोळ्या करायला गेली.

१८ मार्च, बुधवार.
एक्सल लॅबमध्ये नेला होता. सगळ्यांना दाखवला. हेड ऑफ डिपार्टमेंटनीही हात लावून पाहिला. ग्रीस त्यांच्या शर्टाला लागलं.

१९ मार्च, गुरुवार. पाडव्याची सुट्टी.
सकाळी सातला चाक काढलं. आठला जुना एक्सल बाहेर. नऊला नवा हातात घेतला आणि जुन्याशेजारी धरला.

नवा तब्बल एक वीत लांब. (माझी वीत २१९ मिमी. मोजलेली आहे.)

अर्धा तास सतरंजीवर बसून होतो. मग कळलं. त्या दिवशी मी गाडीच्या पुढ्यात, तिच्याकडे तोंड करून आडवा होतो. माझ्या डाव्या हाताला जो होता तो डावा लिहिला. तो गाडीचा उजवा! मोजमाप मिलिमीटरपर्यंत बरोबर. फक्त गाडी उलटी!

तीस वर्षं पोरांना सांगतोय — रीडिंग घेण्याआधी कुठे उभे आहात ते बघा.

जया चहा घेऊन आली. "काय झालं?"
"काही नाही."
"बरं."

२० मार्च, शुक्रवार.
कॉलेज सुटल्यावर नाना पेठ. लांब एक्सल खांद्यावर, मान खाली. श्रीधरकाकांना सगळं खरं सांगितलं. ते इतके हसले की शेजारचा टायरवाला डोकावला.
"म्हणजे साहेब, तुम्ही गाडी चालवता, की नुसते तिच्यासमोर उभे राहता?"
ऐकून घेतलं. हक्क होता त्यांचा.
मी म्हटलं, "बदलून नका देऊ. तो आखूड विकत द्या."
"तो गेला."
"गेला?"
"परवाच. एक बाई आल्या होत्या. डावा मागितला, दोन मिनिटांत घेऊन गेल्या." आणि वर — "त्यांच्याकडे कागद नव्हता."

बसमध्ये त्या बाईचा असा राग आला! एक्सल कशाला हवा बाईला? आठ वर्षं माळ्यावर पडून होता म्हणे, आणि नेमका परवा! सात दिवस उरलेत. २७ तारीख, चेतनचा चेहरा आणि अण्णांची पुढची सीट — सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. येरवड्यापर्यंत उभाच होतो, रिकामी जागा दिसलीच नाही.

घरी आलो. जेवायच्या टेबलावर मेणकापडाचं पुडकं. आखूड.

जया भात वाढत म्हणाली, "बसतो का बघा."
"तू?"
"परवा शाळेत जायच्या आधी आणला. पावतीवर पत्ता होता." (तिची शाळा दुपारची.)
"मग काल का नाही सांगितलंस?"
"सांगितलं असतं तर तुम्ही कागद दाखवला असता."

मी फ्रिजवरचा कागद उतरवला.
"पण तुला कळलं कसं?"
"तुम्ही गाडीकडे तोंड करून मोजलंत, ते बघितलं होतं मी. बावीस वर्षं तुमच्या डावीकडे बसतेय. डावं कुठलं ते मला नको कळायला?"

भात दोनदा घेतला. त्या बाईवरचा राग मागे घेतला.

२२ मार्च, रविवार.
बसला! खट्ट — असा एकच आवाज, आणि जागच्या जागी. ठोकावं लागलं नाही. गल्लीतून दोन चकरा, उजवीकडे पूर्ण स्टिअरिंग फिरवून. काही नाही! नुसतं इंजिन! मी एकटाच मोठ्याने हसलो, शेजारची उत्कर्षा गच्चीतून बघत होती. तीही हसली. जरा जास्तच हसली.

जुना सांधा मात्र उघडून पाहिला आणि चक्रावलो. खोबणी एकाच अंगाने खाल्लीय. जणू कोणी महिनोन् महिने गाडी उजवीकडे गोल गोल फिरवतंय. सांध्यावरच्या फाटक्या रबरी बुटात, म्हणजे आवरणात, बारीक लाल माती. आमचा रस्ता तर डांबरी! आणि ड्रायव्हरची सीट एक घर पुढे होती. चेतन माझ्यापेक्षा उंच, तो मागे घेईल. पुढे कोण घेणार?

लिहून ठेवतो. उलगडेल.

२७ मार्च, शुक्रवार. किमी ८८,४५१.
पास! पाच वर्षं!! चेतनला फोन केला. "अभिनंदन पप्पा. पण मी त्यात बसणार नाही हां." बसू नको.

लांब एक्सल मेणकापडात बांधून माळ्यावर ठेवला. कधीतरी उजवाही जाईल. चूक वाया जाऊ द्यायची नसते.

१४ एप्रिल, मंगळवार. भीमजयंती.
सकाळी विहारात जायला निघालो. जया पांढऱ्या साडीत, पर्समधून एक कार्ड काढून माझ्या हातात दिलं. तिचा फोटो. लायसन्स! कालच आलं.

"किल्ली द्या."

उत्कर्षा पाच महिने तिला शिकवत होती. मी कॉलेजला गेलो की मागच्या लाल मातीच्या मैदानात. म्हटलं, "उजवीकडेच का वळायचीस?" तर म्हणे, "मी उजवीकडे बसते ना. तिकडचं नीट दिसतं." १६३ अधिक ७. जुळलं!

तिने सीट एक घर पुढे घेतली. मी डावीकडून आत बसलो. काच खाली करायला गेलो — अर्ध्यावर अडकते.

"ही कधीपासून?"
"पाच वर्षं. चार वेळा सांगितलंय."