दोन पंजे

३ नोव्हेंबर २०२४
आलो एकदाचे दापोडीला! वाकडच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये आमचं काय होतं? पडदे. इथे सगळं घर आपलं. सासरे, कोंडीराममामा, कंपनीत बॉयलर खात्यात होते. सुट्टीच्या दिवशी राबून त्यांनी ते बांधलं. चार वर्षांपूर्वी दम्याने गेले. आता बाथरूम नवीन करायचं. पाच वर्षांची सई गच्ची सोडत नाही. भूषणला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, कोरडा खोकला आहे. वाकडच्या बांधकामांची धूळ म्हणे. खोकल्यापेक्षा त्याची कुरकुर जास्त.

९ नोव्हेंबर
बाथरूमची भिंत फोडली तर आत गच्चीवरच्या बंबातून येणारा जुना पाइप, त्यावर पांढरं जाड लिंपण. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, ह्यांनी कंपनीतलं उरलेलं आणलंवतं, लई मजबूत हाय, पाणी दुपारपतुर गरम राहायचं. आणि लिंपणात चक्क एक चिमुकला पंजा! खाली खिळ्याने कोरलेलं: भूषण, १९८९. तेव्हा तो पाच वर्षांचा, आत्ताच्या सईएवढा. मला रडूच आलं. प्लंबर सिद्धेशकडून तेवढा तुकडा करवतीने कापून घेतला. घर गिरणीसारखं पांढरं झालं. सई धुळीत नाचली.

१० नोव्हेंबर
उरलेला भुगा पोळ्यांच्या परातीत पाणी आणि पांढरं सिमेंट घालून मळला आणि पप्पांच्या पंज्याशेजारी सईचा पंजा उमटवला. शोकेसमध्ये बुद्धाच्या मूर्तीजवळ ठेवला. स्टेटसलाही टाकला.

११ नोव्हेंबर
भूषणचा मित्र रणजीत चाकणच्या एका कंपनीत सेफ्टी बघतो. स्टेटस पाहून त्याचा फोन आला. कौतुक नाही. कोणी कापलं, खिडक्या उघड्या होत्या का, एवढंच. झाडू मारू नका म्हणाला. मी दोनदा मारला होता. संध्याकाळी मास्क लावून आला. एक खडा तपासायला घेतला, तुकडा दोन पिशव्यांत बांधून गच्चीवरच्या खोलीत ठेवला.

१९ नोव्हेंबर
खड्याचा रिपोर्ट आला. रणजीतला शंका होती तेच, अ‍ॅस्बेस्टॉस. त्याचे तंतू छातीत जातात ते निघत नाहीत. डॉक्टर म्हणाले, सईला कदाचित काहीच होणार नाही. कळायला तीस-चाळीस वर्षं लागतात. आईंनी गादीखालून मामांचा एक्स-रे काढून दाखवला. तो दमा नव्हता.
आई मला विचारत होत्या, मग पोराच्या हातात त्यांनीच दिलं का गं? सईच्या हातात मीच दिलं. मळून दिलं.

२४ नोव्हेंबर
भूषणचा स्कॅन. छातीत पाणी आहे. तिथला तुकडा काढून तपासणार — डॉक्टर नजरेला नजर देत नव्हते. रिक्षात भूषण बोटांवर वर्षं मोजत होता. एकोणनव्वद ते चोवीस, पस्तीस. मग म्हणाला, दोन हजार एकोणसाठ. सई तेव्हा चाळीसची. मी त्याचा हात धरला.

२६ नोव्हेंबर
परात टाकली. आज रणजीतने सांगितलेली माणसं येऊन पंजे नेणार. भूषण हॉस्पिटलात. आई —
सई घरात नाही.
गच्चीचं दार उघडं —
वरून हाक मारतेय. पिशवी फाडली म्हणते, फक्त एकदाच बघायला. म्हणते, मम्मी ये ना, पप्पांचा हात मला बरोब्बर बसतो —
सई, काढ, काढ हात त्याच्या —